दोन विश्वांचे सबनीस

सबनीसांना साधा प्रश्न विचारला तरी उत्तरं दोन यायची. "चहा घेणार?" म्हटलं, की "एका विश्वात घेतोय, दुसऱ्यात ॲसिडिटी आहे," असं म्हणून ते कप उचलायचे. दुबईत, जबल अलीच्या आमच्या बांधकाम कंपनीत ते प्लॅनर होते, म्हणजे कुठल्या इमारतीचा कुठला मजला कधी उठणार याचं वेळापत्रक आखणारे. आम्ही मराठी मंडळी त्यांना पाठीमागे 'जरतर' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं.

प्लॅनरला प्रत्येक कामाचे दोन आराखडे करावे लागतात. सगळं सुरळीत पार पडलं तर एक, विघ्न आलं तर दुसरा. पहिला साहेबाला दाखवायचा, दुसरा खणात ठेवायचा. या सवयीतूनच त्यांना अनेक विश्वांचा नाद लागला असावा. शारजाहून निघणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ते शेजारच्याला पकडत, आणि शेजारी बहुतेक वेळा मीच असे. "काही शास्त्रज्ञ म्हणतात, दोन गोष्टी घडू शकत असतील तर दोन्ही घडतात. जगाला तिथे फाटा फुटतो. काही म्हणतात, उकळत्या चहावर बुडबुडे येतात तशी विश्वं येतात, आपण त्यातल्या एका बुडबुड्यात."

"आणि पुरावा?"

"नाही. पण ती नाहीत याचा तरी कुठे आहे?"

मग २००८ची मंदी आली. बसच्या खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन एकेक करून थांबल्या. "तिकडे काम चालू असेल," सबनीस म्हणायचे, आणि सुरुवातीला आम्ही हसायचो. पुढे एचआरवाले लोकांना टेबलावरच्या फोनवरून बोलावू लागले, तेव्हा हसू आटलं. फोन वाजला की हॉलभर माना वळायच्या. नोकरी गेली की व्हिसा गेला, आपल्याबरोबर बायकोमुलांचाही. मग गाशा गुंडाळायचा. माझी रेवा तेव्हा रांगत होती. एकदा माझा फोन वाजला तेव्हा मी तो चौथ्या घंटेला उचलला. एचआरला माझे पासपोर्ट साइज फोटो हवे होते.

सबनीस तर आतून पोखरून गेले होते. त्यांची गौरी आठवीत होती. "अरे, विश्वं किती, हा प्रश्नच नाही," ते एकदा मला म्हणाले. "आपण कुठल्यात आहोत तेच कळत नाही."

त्यांनी खणातला दुसरा आराखडा काढला. फोन ऐन परीक्षेच्या तोंडावर आला तर पुण्यात शाळा मिळणार नाही, म्हणून आधीच हलायचं. वहिनी माझ्यादेखत म्हणाल्या, "अहो, अजून काही झालंय का? होईल तेव्हा बघू."

"झाल्यावर उशीर होतो."

"बाबा, आय डोन्ट वॉन्ट टू गो," गौरी म्हणाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

हिवाळ्याच्या सुट्टीत त्यांनी शाळेचा दाखला काढला, सोफा आणि फ्रिज विकायची चिठ्ठी सुपरमार्केटच्या फळ्यावर लावली आणि मायलेकींना विमानात बसवलं. स्वतः बेडस्पेसवर राहायला गेले, म्हणजे दाटीच्या खोलीतली एक खाट. "आता येऊ दे फोन," मला म्हणाले. "मी तयार आहे."

तो फोन कधी आलाच नाही. आमच्यातले निम्मे परत गेले. सबनीस राहिले. क्रेन पुन्हा हलू लागल्या. त्यांनी मायलेकींना परत बोलावलं तेव्हा गौरीची दहावी जवळ आली होती, म्हणून त्या आल्या नाहीत. मग ज्युनियर कॉलेज आलं, मग तिचं सगळंच तिकडचं झालं. ते वर्षातून एकदा सुट्टीवर जात. मुलगी पाहुण्याशी बोलावं तसं नीट बोलते, असं एकदा म्हणाले, आणि मला फार वाईट वाटलं. चहा विचारला की आता नुसतं "घेतो" म्हणत.

निवृत्त होऊन ते कायमचे पुण्याला निघाले, तेव्हा आम्ही त्यांना जेवायला बोलावलं. गौरी तोवर नोकरीसाठी बंगळुरूला गेली होती. श्रीखंड-पुरीचा बेत होता. रेवाने मध्येच विचारलं, "काका, बाबा सेज यू बिलीव्ह इन अदर युनिव्हर्सेस. आर दे रिअल?"

"असतील, बेटा."

"सो इन वन ऑफ देम, गौरीताई नेव्हर लेफ्ट?"

बायकोने तिला डोळ्यांनी दटावलं. सबनीसांनी हातातली पुरी खाली ठेवली.

"हो. तिथे ती रोज माझ्यासमोर बसून जेवते. आणि तिथला मी रोज घाबरतो, आज फोन येईल म्हणून."

"पुअर हिम," रेवा म्हणाली.

सबनीसांनी खाली ठेवलेली पुरी पुन्हा उचलली.

"नाही गं," ते म्हणाले. "त्याचं बरं चाललंय."