मुठीचं भाडं

काटा बरोबर वजनावर थांबला की कमल त्यात आणखी एक मूठ सरगुंडे टाकायची. गव्हाचं पीठ काडीवर वळून वळून माझी बोटं दुखायची आणि ही उधळायची. मी ओरडले की म्हणायची, "नेमकं तर दुकानदार देते वं. हे आपल्या घरून जाते."

अल्लीपुरात आम्ही शेजारच्या बायका मिळून सरगुंडे, शेवया करतो. फोनवर मागणी येते, कुरिअरने माल जातो. कमल आवाजाने दांडगी, मनाने लोणी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी अंथरायची.

कुरिअरचं भाडं वजनावर असतं. कमलच्या मुठीने डबा मापाबाहेर जायचा, भाडं वाढायचं आणि ते आम्ही नंतर गिऱ्हाइकाकडून मागून घ्यायचो. एकदा पुण्याची बाई फोनवर कडाडली, "जास्तीचे मी मागितले होते का? आधी एक भाडं सांगता, मग दुसरं मागता! मी ग्राहक मंचात जाईन."

कमलचा चेहरा उतरला. "म्या मायेनं टाकलं, अन् तिले लूट वाटली?"

आम्ही दोघी हिंगणघाटच्या वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, "मावशी, भाडं पैसे घ्यायच्या आधी सांगायचं. मग वाढवायचं नाही. जास्त टाका ना, पण त्याचं भाडं तुम्ही भरा."

बाहेर येताच मी म्हटलं, "कमले, मूठ बंद. नाई तर काम सोड."

काम सुटलं तर ती दिवसभर भिंतींशी बोलेल, हे मला ठाऊक होतं. तरी म्हटलं. सगळ्यांचं पोट होतं त्यावर.

गाव आलं तशी ती एसटीतून उतरली. मग म्हणाली, "वरचं भाडं माह्या हिश्शातून काप. मूठ राह्यते."

"येडी हायेस."

"हाव. तू राय शहाणी."

पुण्याच्या बाईला वरचं भाडं परत केलं. ती पुढेही मागवत राहिली. मी कमलच्या हिश्शातून दर वेळी कापलं, एकदाही सोडलं नाही. तिनेही तोंड वाकडं केलं नाही.

यंदा थंडीत तिने खाट धरली. ती गेली त्याच्या थोडं आधी मी वरण-भात घेऊन गेले, तर विचारते, "पुन्याचं पार्सल गेलं?"

"गेलं."

"मूठ?"

"टाकली."

"मी तं कामाले नाई. मंग भाडं कोनं भरलं वं?"

मी म्हटलं, "वरण थंडं होऊन राह्यलं. तोंड उघड."