सोमाजीच्या मेणाची मेणबत्ती

गुरुवारी पहाटे नागपूर सोडले तेव्हा माझ्या मांडीवर जुन्या चादरीत गुंडाळलेली, अडीच फूट लांबीची मेणबत्ती होती. ती आडवी धरल्यामुळे शेजारी कोणालाच नीट बसता येत नव्हते. लोक माझ्याकडे बघत, मी खिडकीबाहेर बघे.

ती पास्का मेणबत्ती होती (ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी नव्या अग्नीवर पेटवतात ती). ईस्टरनंतर पन्नास दिवस ती वेदीपाशी उभी असते. मग वर्षभर गावात बाप्तिस्मा असो की अंत्यविधी, तीच पेटते. आमच्या सिस्टर अशा मेणबत्त्या कॉन्व्हेंटमध्ये तयार करत. त्यांचा पाय प्लास्टरमध्ये नसता तर त्या स्वतःच गेल्या असत्या. मी तिथल्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते, सुट्टी होती, आणि मला नाही म्हणता येत नाही हे त्यांना ठाऊक होते.

निघताना त्यांनी गडचिरोलीकडच्या फादरांचे पत्र वाचून दाखवले. या वेळचे मेण गावातूनच आले होते. सोमाजी नावाच्या माणसाने जंगलातली आग्या मोहोळे उतरवून ते जमवले होते. पौषात तो हिवतापाने गेला. त्याची बायको मैनाबाई तीन वर्षे चर्चच्या शेवटच्या रांगेत बसून सगळे ऐकत होती. शनिवारी तिचा बाप्तिस्मा होता, याच मेणबत्तीपुढे. ‘तिने मेणबत्तीची चौकशी चारदा केली आहे, सांभाळून पाठवा,’ असे फादरांनी खाली लिहिले होते.

चंद्रपूरला पोचेपर्यंत ऊन चढले होते. मोठ्या चर्चमधून पवित्र तेलाच्या तीन छोट्या बाटल्या घेतल्या, रुमालात बांधून पर्समध्ये ठेवल्या आणि पुन्हा स्टँडवर आले. सिमेंटच्या बाकावर टेकले की चटका बसे, म्हणून मी उभीच होते. दर पाच मिनिटांनी चादरीवरून हात फिरवून बघत होते. मेणबत्ती सरळ होती.

दुपारच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मी दारातच अडकलेली पाहून ड्रायव्हर म्हणाले, “मॅडम, थे लांबडं इकडं द्या. गर्दीत तुटन ना!”

“नको, राहू दे,” मी पुटपुटले. माझ्याच कानांना ते ऐकू आले नाही.

“द्या वो. माह्या नजरेसमोर राहीन.” त्यांनी चादरीचे गाठोडे माझ्या हातातून घेतले आणि शेजारच्या बोनेटवर (ड्रायव्हरजवळच्या, इंजिनावरच्या पत्र्याच्या झाकणावर) आडवे ठेवले. वर त्यांनी स्वतःचा टॉवेलही टाकला.

बोनेट तापते हे मला माहीत होते. मूल गाव येईपर्यंत मी मनात वाक्य जुळवत होते. ‘भाऊ, ते मेण आहे.’ एवढेच म्हणायचे होते. पण मध्ये पंचवीस माणसे होती, आणि माझे इंग्रजी शाळेतले मराठी ऐकून लोक आधी हसतात, मग ऐकतात. एक बाई माझ्या पायावर कोंबड्यांची टोपली ठेवून म्हणाली, “काऊन वं, तोंड काऊन असं केलं? बस लागली का?” मी मान हलवली. होय की नाही, मलाच कळले नाही.

वैनगंगेचा पूल आला. नदी वाळूच्या एका कडेने वाहत होती. गडचिरोलीला बरीच माणसे उतरली, चामोर्शीला आणखी. मार्कंड्याच्या फाट्यापाशी मला बोनेटपर्यंत पोचता आले. गाठोड्याला हात लावला. चादर उबदार होती आणि आतली मेणबत्ती मधोमध खचून विळ्यासारखी वळली होती.

“पाहा, तुटली नाई ना?” ड्रायव्हर खुशीत म्हणाले.

“नाही,” मी म्हणाले. “थँक्यू.”

गावात उतरले तेव्हा गुरुवारची संध्याकाळची मिस्सा (चर्चमधली उपासना) चालू होती. लांब, बसके, कौलारू चर्च. आत फादर, येशूने शिष्यांचे धुतले तसे, गुडघ्यांवर बसून बारा जणांचे पाय धूत होते. पायांना जंगलातली लाल माती इतकी भिनलेली की परातीतले पाणी तीनदा बदलावे लागले. मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले, गाठोडे पाठीमागे लपवून.

माझी सोय मुलींच्या वसतिगृहात होती. मुली सुट्टीला गेल्या होत्या. सोबतीला मैनाबाई. हडकुळी, उंच, हातांवर गोंदण, आणि बोलायला कसली भीड नाही.

“आली का वं नागपूरवाली? मेणबत्ती कुठी हाय?”

“खाटेखाली. शनिवारी दाखवते.”

“आता दाखव ना!”

“फादर म्हणाले, शनिवारी.” फादर तसे काही म्हणाले नव्हते. त्यांना तर मी तेलाच्या बाटल्या देऊन, मेणबत्ती खोलीत आहे, एवढेच सांगितले होते.

तिने माझ्यापुढे जावा (तांदळाची पातळ पेज) आणि जवसाची चटणी ठेवली. मी ती न चाखताच छान म्हणाले. तिने माझ्याकडे बघितले, चटणीकडे बघितले आणि आपली चटई अंथरली.

शुक्रवारी उठले तर गाव रिकामे. मोहफुलांचे दिवस होते. फुले पहाटे गळतात, ऊन वाढायच्या आत वेचावी लागतात. त्यामुळे क्रूसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची चौदा ठिकाणे घेत केलेली प्रार्थना) इथे दहा वाजता सुरू होते. फादर मूळचे केरळचे, पण पंधरा वर्षे इथेच. ते म्हणाले, “पहिल्या वर्षी मी सकाळी सातची वेळ दिली. चौदाही ठिकाणी मी आणि एक कुत्रा.”

दहाला लोक आले ते भरल्या टोपल्यांसकट. टोपल्या चर्चच्या पायरीवर ओळीने ठेवल्या आणि उपाशीपोटी, उन्हात, जंगलाच्या वाटेने निघाले. सातव्या ठिकाणी कोणीतरी ओरडले, “बकऱ्या! बकऱ्या घुसल्या मोहात!” चार बाया प्रार्थना म्हणतच परत पळाल्या, बकऱ्या हाकलल्या आणि आठव्या ठिकाणाला येऊन पुन्हा गुडघे टेकले. कोणी हसले नाही. मला मात्र कशातच मन लावता येत नव्हते. शब्द तोंडपाठ होते, इंग्रजीतले. पुढे मैनाबाईची पाठ दिसे आणि खाटेखालचे गाठोडे आठवे.

परतताना मी दुकानदाराला विचारले, “उद्या पहिली बस किती वाजता?”

“सातले. काऊन, सण सोडून जाऊन राह्यल्या?”

“सहज विचारलं.”

तरी मी बॅग भरली. फादरांसाठी चिठ्ठी लिहायला घेतली. इंग्रजीत लिहिली, फाडली, मराठीत लिहिली, फाडली. शनिवारी सात वाजता बसचा हॉर्न ऐकू आला. मी बॅग हातात घेऊन वसतिगृहाच्या दारात उभी होते आणि मैनाबाई उंबऱ्यावर बसून मोहफुले निवडत होती. बाहेर पडायला तिचे पाय ओलांडावे लागणार होते.

“जाऊन राह्यली?” तिने वर न बघता विचारले.

मी बॅग खाली ठेवली. खाटेखालून गाठोडे ओढले आणि तिच्यासमोर उघडले. दोन्ही टोके एकमेकींकडे वळली होती. सिस्टरांनी रंगवलेले कोकरू मधल्या घडीत चेपले होते.

“ड्रायव्हरांनी बोनेटवर ठेवली,” मी म्हणाले. “त्यांची चूक नाही. मला माहीत होतं ते गरम असतं. मी बोलले नाही. आणि फादर शनिवारी म्हणाले, ते पण खोटं.”

बाहेर बस निघून गेल्याचा आवाज आला. मैनाबाईने मोहफुले बाजूला सारली. तिने मेणबत्ती उचलली, नाकाशी धरली आणि डोळे मिटून घेतले.

“दोन राती ह्या वासात झोपली मी,” ती म्हणाली. “मले वाटे, मलेच भास होऊन राह्यला. थो मोहोळ काढून आला का असाच वास यायचा त्याच्या अंगाले. आणि तू खाटीखाली दाबून ठेवली व्हय!”

ती मेणबत्ती घेऊन बाहेर गेली. संपले, असे मला वाटले. एवढ्यात अंगणातून हाक आली, “बसून काऊन राह्यली? तुले हात नाई का?”

गुरांना पाणी पाजायची लाकडी डोण होती. तिने त्यात चुलीवरचे ऊन पाणी ओतले, कोपर बुडवून पाहिले, थंड पाणी घातले, पुन्हा पाहिले. त्यात मेणबत्ती बुडवून आम्ही थांबलो. मग वसतिगृहातले एक सागाचे बाक सावलीत आणले आणि मेण चिकटू नये म्हणून पाणी मारून त्यावर ती ठेवली. एका टोकाला तिचे तळवे, दुसऱ्या टोकाला माझे.

“दाबू नको. लाटायची हाय, पोळी नाई करायची. हां, अशी.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“पंचवीस वर्सं मेण मीच गाळलं. त्याले तं झाडावरच चढता ये.”

तिने बोट कोकरावर ठेवले. “हे बकरू कोणाचं?”

“ते कोकरू आहे. ख्रिस्ताचं चिन्ह.”

“पुसून जाईन.”

पुसले गेले. लाल क्रूस गेला, वर्षाचे आकडेही गेले. फादर आले तेव्हा आमच्या तळव्यांवर रंग होता आणि बाकावर साध्या, तपकिरी मेणाची मेणबत्ती. त्यांनी माझ्या भरलेल्या बॅगेकडे पाहिले, मग मेणबत्तीकडे. मी पुन्हा सगळे सांगितले. दुसऱ्यांदा जरा कमी अडखळले.

“क्रूस आणि आकडे मी चाकूने कोरतो,” ते म्हणाले. “मूळ रीत तीच आहे.” त्यांनी ती उभी धरून फिरवली. एका बाजूने सरळ दिसे, दुसरीने किंचित झुकलेली. “सरळ बाजू लोकांकडे करू.”

“काऊन?” मैनाबाई म्हणाली. “लोकाईले का मालूम नाई मेण वाकते म्हणून?”

अंधार पडल्यावर चर्चसमोर आग पेटवली. फादरांनी मेणबत्तीवर क्रूस कोरला, वर्ष कोरले, धुपाचे पाच खडे खोचले आणि आगीवरून ज्योत लावली. आत दिवा नव्हता. तिच्यावरून एकाने, त्याच्यावरून दुसऱ्याने अशा छोट्या मेणबत्त्या पेटत गेल्या आणि मधाचा, धुराचा वास कौलांपर्यंत भरला. मैनाबाईच्या डोक्यावर तीनदा पाणी ओतले गेले. कपाळाला तेल लावताना ती स्थिर होती. पेटलेली छोटी मेणबत्ती हातात आली तेव्हा मात्र ती शेवटच्या रांगेकडे वळली, सवयीने. फादरांनी तिला हात धरून पुढे बसवले.

सोमवारी परत निघाले. मैनाबाईने मोहफुलांची पुडी दिली आणि म्हणाली, “पुढच्या खेपी चटणी खाऊन मंग सांगजो.”

कमी बोलण्याला मी आजवर शिस्त समजत आले. शाळेत त्याबद्दल बक्षीसही मिळाले होते. त्या तीन दिवसांत पहिल्यांदा लक्षात आले की माझ्या गप्प बसण्याची झळ दुसऱ्याच्या वस्तूला लागते. ती मेणबत्ती आता वर्षभर तिथे जळणार होती, कुणाच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला, कुणाच्या शवपेटीपाशी, किंचित झुकलेली.

नागपूरला सिस्टर पाय स्टुलावर ठेवून वाट बघत होत्या.

“मेणबत्ती नीट पोचली ना?”

‘हो’ जिभेवर तयार होते.

“नाही, सिस्टर,” मी म्हणाले आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.