बेटावरचं आमचं जोतं

जायकवाडीचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की आमचं बुडालेलं गाव बेट होऊन वर येतं. घरं कधीच गेली, दगडी जोती तेवढी उरलीत. पाणी आणखी हटलं की काठापासून चिखलाची वाट उघडी पडते आणि पांगलेले गावकरी कुठून कुठून भाकरी बांधून येतात. प्रत्येकानं आपापल्या जोत्यावर, म्हणजे आपल्या घरात बसून जेवायचं, असा रिवाज. लहानपणी मी तिथं धावत सुटले, तर अण्णा, माझे वडील, केवढ्यानं ओरडले, "अगं, भिंतीतून काय येतीस? दार तिकडं हाय!" मी निमूट वळसा घालून दारातून गेले. तिथं भिंतही नव्हती आणि दारही.

अण्णांनी चिकलठाण्याच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवली, फ्लॅट घेतला, पण घर म्हणाल तर तेच. वर्षभर त्या एका जेवणाची वाट बघायचे. मला हसू यायचं. आता त्यांचे गुडघे गेलेत आणि मला हसू येत नाही.

पुढं मला पक्ष्यांचं वेड लागलं. त्याच बेटावर सुरय पक्षी अंडी घालतात, उघड्या जमिनीवर, खाली काडीसुद्धा न ठेवता. असला बिनधास्त संसार! चिखलाची वाट उघडली की कुत्री जाऊन सगळं फस्त करतात. तीन वर्षांपूर्वी आम्ही पक्षीवाल्यांनी ठरवलं, वाटेवर रुंद चर खोदून पाणी खेळतं ठेवायचं. म्हणजे कुत्री जाणार नाहीत, आणि माणसंही. जेवणासाठी काठावर जमलेल्या गावकऱ्यांना विचारायला गेले, तर सगळे अण्णांच्या तोंडाकडे बघू लागले. वयानं तेच मोठे. ते नाही म्हणतील असं वाटलं. खरं सांगायचं तर, म्हणावं असंही वाटलं.

अण्णांनी माझी दुर्बीण मागून घेतली. बराच वेळ बघत राहिले.

"आपल्या सैपाकघरात बसलीय की," म्हणाले. मग म्हणाले, "खोदा चर. बाळंतिणीच्या खोलीत कुणी घुसतं व्हय? मी जाईन फुडच्या साली."

त्या वर्षी पिल्लं उडाली. नंतर मात्र पाऊस असा झाला की उन्हाळ्यातही धरण उतरेना. बेट वर आलंच नाही. शहर खूश. आमच्या नळाला याच धरणाचं पाणी येतं, तेव्हा मीही खूश असायला हवं.

यंदा मे महिन्यात अण्णा हट्टानं भाकरी बांधून काठावर आले. समोर नुसतं पाणी. दोन सुरय त्यावर घिरट्या घालत होते, टेकायला जागा नव्हती. अण्णांनी भाकरीचं फडकं सोडलंच नाही. मला फार वाटलं, यांना उचलून जोत्यावर न्यावं, एकदाच.

घरी आलो तर नळाला पाणी आलेलं. मी तांब्या भरून दिला. अण्णा तो हातात धरून बघत राहिले.

"आपल्या घरावरून आलंय हे," म्हणाले, आणि उभ्यानंच प्यायले.