वरची जागा

सहादेव शिंपी हट्टी आहे, असं आमचं सगळं गाव म्हणायचं. मला ते कधी पटलं नाही. हट्टी माणूस पाय आपटतो आणि थोड्या वेळानं विसरून जातो. सहादेव पायही आपटायचा नाही आणि विसरायचाही नाही.

श्रीरामपूरच्या अलीकडे रेल्वेच्या रुळाला लागून आमचं गाव. मारुतीच्या देवळासमोर सहादेवचं दुकान. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, गिऱ्हाइकांना बसायला बाक आणि फळीवर रेडिओ. रेडिओला त्यानं चिंध्या जोडून झकास खोळ शिवली होती. पोरांच्या चड्ड्या उसवलेल्या पडून राहतील, पण रेडिओच्या खोळीचा टाका कधी निघाला नाही. त्या रेडिओवर दिलराजचं गाणं लागलं की मशीनचं पायडल थांबायचं. बाकावरच्या माणसानं कितीही आरडाओरडा केला तरी गाणं संपेपर्यंत सुई हलायची नाही.

दिलराज हे तेव्हाचे हिंदी सिनेमाचे मोठे संगीतकार. लग्नाच्या बँडवर तेच, जत्रेतल्या कर्ण्यावर तेच, चहाच्या हॉटेलात तेच. सहादेव म्हणायचा, "बाकीचे गानी तयार करत्यात. दिलराजचं गानं आयकलं की वाटतं, हे आदीपासनंच हुतं, ह्यानं फकस्त आपल्याला दाखवलं."

बाकावर यावरून रोज जुंपायची. शाळेतले शामकांत मास्तर पेटी वाजवायचे, त्यामुळे संगीतातला शेवटचा शब्द आपला, असं त्यांना वाटे. ते म्हणायचे, "अरे, त्यानं एक तुकडा बंगालातून उचलला, एक पंजाबातून. वर साठ व्हायोलिनं लावली. व्हायोलिनं काढून टाक, मग खाली काय राहतं ते सांग."

"मास्तर, कापड गिऱ्हाइकाचं, दोरा बाजारातला. मग सदरा कुनी केला?"

"सदरा गिऱ्हाइकाचाच!" मास्तर म्हणाले आणि सगळा बाक हसला. सहादेव हसला नाही. मास्तरांची विजार तेव्हा त्याच्याकडे शिवायला पडली होती. ती मास्तरांना दिवाळी उलटल्यावर मिळाली.

मी मास्तरांच्या बाजूचा होतो. मी भजनी मंडळात पखवाज वाजवतो, आणि आजही कुणी विचारलं तर सांगेन, दिलराज मला अर्धा चोरच वाटतो. पण हे सहादेवला सांगायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं.

आमच्या मंडळाचे प्रमुख पुंजाराम बाबा. सत्तरी गाठलेली, पण गळा असा की सूर चुकवा म्हटलं तरी चुकवता येणार नाही. रामनवमीला मारुतीच्या देवळात सप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. कुणी ना कुणी ती गळ्यात घालून उभ्यानं अभंग म्हणत राहायचं, आणि ज्याचा त्याचा पहारा ठरलेला. दुपारचा पहारा सहादेवचा. उन्हाच्या काहिलीत तो कुणालाच नको असे, पण तो त्याच्या बापाचा पहारा होता. ज्याला गावात वावर नाही, मळा नाही, त्या माणसाची गावातली इस्टेट म्हणजे तेवढीच.

पहारा बदलायची रीत आहे. वीणा घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पाया पडायचं, देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या. वय बघायचं नाही, जात बघायची नाही. आणि चालू अभंग मधेच तोडायचा नाही. ज्यानं वीणा घेतली त्यानं तोच चरण, त्याच चालीत उचलायचा आणि तो अभंग पुरा करायचा. ही रीत बाबांनी गावाला अक्षरशः घोटून पाजली होती.

दुष्काळाचं वर्ष होतं ते. विहिरी आटल्या, निम्मं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं. सप्त्याच्या आधी एका गुरुवारच्या भजनात सहादेवनं अभंगाला सरळ दिलराजची चाल लावली. बाबांनी हातातले टाळ खाली ठेवले.

"देवाच्या दारात सिनेमा नको."

"चाल वाईट हाय का, तेवढं सांगा," सहादेव म्हणाला. "सिनेमाची हाय हे मलाबी ठावं हाय."

"तिकीट काढून आयकायची चाल. ती थोर कशी व्हईल रं?"

"किर्तनकारबी बिदागी घेत्यात की बाबा."

बाबा कानशिलापर्यंत लाल झाले. "आयक. सप्त्यात ही चाल काढलीस तर मी तुज्या गळ्यातनं वीना काढून घेईन. मग तुजा पहारा कायमचा गेला म्हनून समज."

सहादेवनं पायात चपला सरकवल्या आणि निघून गेला.

सप्त्याचे पहिले तीन दिवस तो जुन्या चालीत गायला. पठ्ठ्या ताळ्यावर आला, असं आम्हाला वाटलं. चौथ्या दिवशी दुपारी त्यानं वीणा गळ्यात घातली, डोळे मिटले आणि अभंग धरला. दिलराजच्या चालीत.

बाबांनी हात वर केला. टाळ थांबले. मीही पखवाजावरून हात काढले. एकेक करून सगळे उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले आणि आत सहादेव एकटा उरला. व्हायोलिन नाही, टाळ नाही, पखवाज नाही. वीणेची तार आणि त्याचा बेताचा गळा, बस्स. खांबाला टेकलेल्या मास्तरांकडे मी पाहिलं. व्हायोलिनं काढून टाक म्हणाले होते ना, घ्या, निघाली सगळी. आणि चाल उभी होती. मी दिलराजचा वैरी म्हणून सांगतो, ताठ उभी होती.

खडीवरच्या बाया दुपारच्या सुट्टीत देवळापुढच्या मंडपाच्या सावलीला भाकरी खायला यायच्या. त्यांतल्या रंगुबाईनं घास गिळला आणि ध्रुपद उचललं. मागोमाग बाकीच्यांनी.

"गप बसा गं!" बाबा ओरडले.

"का गप बसू?" रंगुबाई म्हणाली. "खडीवर आमी हीच चाल म्हनतो. हातुडा हलका पडतो तिनं."

पण बाया घाई करायला लागल्या. लय पळू लागली. लय पळाली की माझं डोकं फिरतं, मग गाणारा कुणीही असो. मी तडक आत गेलो आणि पखवाजावर थाप दिली. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरातली गाय विकून आलोय. बघोत. माझा हात माझा आहे.

पहारा संपायची वेळ झाली. पुढचा पहारा गहिनीनाथचा, पण तो बाबांच्या भीतीनं पायरीवरून हलेना. शेवटी बाबाच आत आले आणि सहादेवसमोर उभे राहिले. अभंग संपला की वीणा काढून घ्यायची आणि आपल्या चालीत दुसरा धरायचा, असा त्यांचा बेत. सहादेवनं शेवटचा चरण म्हटला, आणि न थांबता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बाबा थांबले. तो पुन्हा शेवटाला आला आणि पुन्हा पहिल्यावर गेला. सदरा घामानं अंगाला चिकटला होता, ओठ कोरडे पडले होते. बाबा म्हणाले, "पुरं आता." त्यानं नुसती मान हलवली.

बाबांना वीणा ओढून घेता आली असती. गावात त्यांना अडवणारं कोण होतं? पण मग रीत मोडली असती, आणि ती त्यांच्याच हातून.

बाबा वाकले. सगळ्या गावादेखत त्या शिंप्याच्या पायाला त्यांनी हात लावला. सहादेव त्यांच्या पाया पडला. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली, ध्रुपद फिरून आलं, आणि ते बाबांना उचलावं लागलं. कडू काढा प्यावा तसं तोंड करून त्यांनी दिलराजची चाल धरली.

सहादेव बाहेर आला. आपला पहारा गेला हे त्याला कळलं होतं. बापाचं होतं नव्हतं ते एका दुपारीत घालवलेल्या माणसाचा चेहरा होता तो, मला बघवेना. तरी मान खाली नव्हती. तो चपला शोधायला लागला.

आत बाबा चरणावर आले. तिथं चाल वर चढते आणि टोकाला पोचायच्या आधीच हळूच वळते. बाबा सरळ चढले आणि घसरले. पुंजाराम बाबांचा सूर घसरलेला मी जन्मात ऐकला नव्हता. त्यांनी पुन्हा चरण घेतला, पुन्हा तिथंच घसरले. बायांनी ध्रुपद धरून ठेवलं. तेवढ्यात बाबा दाराकडे वळून गरजले,

"आरं ए सहादू! निघाला कुठं? वरची जागा सांग."

सहादेव चपला हातात घेऊन उभा राहिला. "आदी दिलराज थोर म्हना."

"म्हनत न्हाई. जागा सांग."

"मग मी बी सांगत न्हाई."

"देवाचा अभंग आडलाय, गाढवा!"

सहादेवनं चपला टाकल्या, आत गेला आणि कोरड्या गळ्यानं ती जागा घेऊन दाखवली. बाबांनी ऐकली, डोळे मिटले आणि पहिल्याच फटक्यात घेतली. सहादेवपेक्षा सरस घेतली. पखवाजावर माझे हात क्षणभर हलकेच पडले. रंगुबाईची भाकरी हातात तशीच राहिली. सहादेव बाहीनं डोळे पुसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मशीनवरच बसून राहिला होता. बाबांनी गहिनीनाथला पाठवून त्याला बोलावून घेतलं. त्याच्या आधीचा पहारा बाबांनी स्वतःकडे घेतला होता, वीणा त्यांच्याच गळ्यात होती. तोंडी कालचाच अभंग होता, कालच्याच चालीत. सहादेव त्यांच्या पाया पडला. बाबांनी वीणा त्याच्या गळ्यात घातली, त्याच्या पायाशी वाकले आणि वाकल्या वाकल्या, मला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणाले, "दिलराज थोर न्हाई."

"हाय," सहादेव म्हणाला, आणि त्यानं चरण उचलला.