बंदरात अडकलेली टाकी

आमच्या भांड्यांच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाइकाला माप विचारायचं, पत्र्याची जाडी विचारायची. पण त्यात काय शिजवणार, ते विचारायचं नाही. विचारलं की त्याला वाटतं, हा आपल्या घरात डोकावतोय. भंडाऱ्यात पाणी भरायच्या पितळी गुंडांपासून डेअरीच्या स्टीलच्या टाक्यांपर्यंत आलो, तरी ही रीत मी सोडली नाही. म्हणून परदेशातल्या एका दलालानं हवाबंद, आतून वाफेनं धुता येणारी, आपोआप ढवळणारी टाकी मागितली, तेव्हाही मी फक्त जाडी विचारली. निर्यातीच्या कागदावर लिहिलं, ‘स्टीलची भांडी’. फर्म बायकोच्या नावावर, म्हणून सही तिची. ती टीव्ही बघत होती. पेन मीच तिच्या हातात दिला.

टाकी बंदरात अडकली आणि नागपूरहून कस्टमचे एक अधिकारी थेट दुकानात आले. चहा नको म्हणाले. त्यांनी समजावलं, अशा टाकीत जंतू वाढवतात. त्यातून लस बनते, तसा रोगही बनवता येतो. म्हणून दिल्लीच्या परवानगीशिवाय ती देशाबाहेर जात नाही. मी हसून म्हणालो, साहेब, आमच्या हातचं भांडं एवढं हुशार कुठलं? ते हसले नाहीत. मालकीणबाईंना बोलवा म्हणाले.

बायको आली, हाताला कणीक. गुन्हा नोंदला गेला तर तो तिच्या नावावर, हे ऐकून तिनं हाताची कणीक पदराला पुसली.

साहेबांनी दलालाला फोन लावायला सांगितला, स्पीकरवर. हा गडी एरवी पोरांच्या परीक्षेपासून माझ्या गुडघ्यापर्यंत सगळ्याची चौकशी करायचा. मी घसा साफ करून विचारलं, टाकी में बनाओगे क्या, भाई?

मग तो म्हणाला, “आपने पहले तो कभी नहीं पूछा.”

फोन कट. पुन्हा लावला, तर लागेचना.

साहेबांनी बायकोला जबाबासाठी नागपूरला चलायला सांगितलं. व्यवहार माझा, मला न्या, असं मी म्हटलं. सही कोणाची, एवढंच त्यांनी विचारलं. त्यांच्या ऑफिसात ती आत, मी बाहेर बाकावर. दार बंद. आतून आवाजही येईना. तिला आता तिथूनच कुठे नेतील, या विचारानं मला धड बसवत नव्हतं.

दिवेलागणीला ती बाहेर आली. चौकशी संपली नव्हती, पण आज तिला घरी सोडलं होतं. काय सांगितलंस, मी विचारलं.

“खरं तेच. म्हटलं, सायेब, याइले इकन्याच्या पुढं काही समजत नाही. कपट कराले अक्कल लागते, ते याइच्याजवळ नाही.”

“मग?”

“पटलं त्याइले. दुसऱ्यांदा विचारलं बी नाही.”

परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. वाटेतलं मौदा गाव मागे गेल्यावर, बाहेर बघतच म्हणाली, “पुढच्या तारखेले संग या, पन तोंड उघडू नका. तुमी चुकून हुशार दिसले, तं मी आत जाईन.”