मितू, बस!

"उठू देऊ नका तिला. देणगीदार खुर्ची द्यायला आलेत."

अपंग मुलांच्या उपचार केंद्राच्या ताई माझ्या कानाशी येऊन बोलल्या. मांडव भरलेला. हार, माईक, फोटोवाला. माझी मितू, सहा वर्षांची, नव्या कोऱ्या चाकाच्या खुर्चीत. पाहुणे जवळ आले तशी ती दांडा धरून उठायला लागली. उभं राहायला तिला याच केंद्रात शिकवलं होतं. दोन वर्षं मी तिला मेडशीहून एसटीने वाशिमला आणत होते, मंगळवारी आणि शुक्रवारी, कडेवर घेऊन, कामाचा खाडा करून. त्याच आठवड्यात ती पहिल्यांदा आधार सोडून उभी राहिली होती. मी दहापर्यंत मोजलं होतं.

ताईंनी तिचा खांदा खाली दाबला.

आणि मी? मीही म्हणाले, "बस वं मितू, बस. फोटू काढून राह्यले."

मी, तिची आई. फुकटचे उपचार बंद होतील म्हणून घाबरले. मग माईकवरून हुकूम आला, साहेबांच्या पाया पडा. बुद्धाच्या मूर्तीपुढे सोडलं तर आमच्या घरात कुणी कुणापुढे वाकत नाही, आजोबांची तशी ताकीदच होती. तरी पडले. टाळ्या वाजल्या.

खुर्ची घरी आली. गल्लीतल्या बाया बघून गेल्या, नशीब काढलं म्हणाल्या. मितू मात्र खुर्चीतून हलेना. चार दिवस झाले. पाचव्या दिवशी दबक्या आवाजात विचारलं तिने, "आई, उभी राहू का? कोनी रागावन का मले?"

माझं डोकंच फिरलं. स्वतःवर फिरलं आधी. स्वतःच्या पायावर उभं राहायला माझी पोरगी परवानगी मागत होती!

पुढच्या महिन्यात दुसरे दाते येणार होते. निरोप आला, मुलीला खुर्चीत बसवून आणा, साधाच फ्रॉक घाला. मी तिला वाढदिवसाचा पिवळा फ्रॉक घातला. खुर्ची घरीच ठेवली.

"खुर्ची कुठंय?" ताई.

"घरी हाये."

"मग दात्यांना काय दाखवू मी?"

"उभी राह्यते ना पोरगी. थे दाखवा."

ताईंचा चेहरा उतरला. "असं असेल तर तुमची जागा दुसऱ्या गरजू मुलाला देऊ. माणसानं उपकाराची जाण ठेवावी."

"कागदावर लेहून द्या ताई. पोरगी उभी राह्यली म्हणून काढली, असं लेहा. सही करा."

लिहिलं नाही त्यांनी. मांडवात निघून गेल्या. मागे मितू माझा पदर सोडून उभी होती. चौदा मोजले मी, मोठ्याने.

उद्या शुक्रवार. सकाळच्या एसटीने आम्ही जाणार आहोत. केंद्राने दार लावून घेतलं तर दारात थांबू. वॉचमन स्टूल आणून देईल कदाचित, बसा म्हणेल.

बसणार नाही. ना ती, ना मी.