तीन कारखाने, एक दसरा

सूर्यकांतने कायमची नोकरी सोडली तेव्हा डहाणूत लोक त्याला भेटायला आले. आजारी माणसाला भेटायला येतात तसे आले, शहाळी घेऊन आणि आवाज खाली करून. मेव्हणा सुदर्शन रेल्वेत होता. त्याने बसल्या बसल्या विचारलं, "काढलं का?" काढलं नाही, मीच सोडली, असं सूर्यकांतने सांगितलं. सुदर्शनने बहिणीकडे बघून मान हलवली. त्याच्या लेखी दोन्ही एकच होतं.

पन्नाशीला टेकलेला हा माणूस आता फिरता मॅनेजर झाला होता. एखाद्या कारखान्याचा मॅनेजर अचानक निघून गेला की नवा मिळेपर्यंत चार-सहा महिने कारभार बघायचा, घडी बसवायची आणि आपण निघायचं. याला इंटेरिम मॅनेजर म्हणतात, असं तो ज्याला त्याला समजावून सांगे. बायको नयना शिक्षिका. तिने एका वाक्यात निकाल लावला. "अहो, म्हणजे बदली शिक्षक. आमच्या शाळेत त्याचं कोणी ऐकत नाही."

हे त्याला लागलं. पैशाची जुळवाजुळव त्याने आधीच केली होती. चार दिवसांचा पाहुणा म्हणून माणसं आपल्याला जुमानणार नाहीत, ही धास्ती मात्र खरी होती.

पहिलं काम तलासरीला मिळालं, उधव्याच्या रस्त्यावर, प्लास्टिकचे क्रेट बनवणाऱ्या कारखान्यात. तो कामाला लागला आणि दसरा आला. मशीन पुसून झेंडूच्या माळा चढवल्या, आपट्याची पानं ठेवली, नारळ आणला. सूर्यकांत पुढे झाला, तर सगळ्यांत जुना ऑपरेटर चिमण आडवा आला. अगदी नम्रपणे आला.

"साहेब, इथं रीत आहे. नारळ फोडेल तो पुढच्या दसऱ्याला इथं पायजे. आधीच्या एका साहेबांनी फोडला आणि दिवाळीच्या आत गेले. तेव्हापासून तीन नंबरची मशीन बरोबर चालत नाय."

तीन नंबरची मशीन त्या साहेबांच्याही आधीपासून रडत होती, पण हे काढायची ती वेळ नव्हती. मालक सुरतेला बसले होते, सूर्यकांतचा करार उन्हाळ्याच्या आत संपत होता आणि नारळ फुटल्याशिवाय कोणी मशीनला हात लावणार नव्हतं. "येईन," तो म्हणाला. "जिथे असेन तिथून येईन." आणि त्याने नारळ फोडला.

दुसऱ्या दिवसापासून माणसं त्याचं ऐकू लागली. काम मार्गी लागलं, मालक खूश झाले, करार संपला आणि सूर्यकांत हार गळ्यात घालून घरी आला.

पुढच्या दसऱ्याला तो खरंच गेला. कारखान्यात नवा कायमचा मॅनेजर आला होता. तो बाजूला उभा राहिला आणि चिमणने नारळ सूर्यकांतच्या हातात दिला. त्याला भरून आलं. एवढ्या वर्षांच्या कायमच्या नोकरीत त्याची अशी वाट कोणी पाहिली नव्हती.

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. पण तेव्हा त्याचं काम उंबरगावला चालू होतं आणि तिथली माणसंही त्याला जुमानत नव्हती. म्हणून त्याच सकाळी त्याने तिथेही नारळ फोडून तोच शब्द दिला होता. तिथेही तो लागू पडला. मग काम मिळालं वापीला. पुढचा दसरा आला तेव्हा तीन ठिकाणी तीन नारळ त्याची वाट बघत होते.

"दसरा एकच असतो," नयना म्हणाली. "पहिलीतल्या मुलांनाही माहीत असतं."

त्याने लांबून सुरुवात केली. वापीला मालक उशिरा आले आणि फाफडा-जलेबी खाल्ल्याशिवाय सोडीनात. उंबरगावला भाषणं झाली, पुन्हा फाफडा-जलेबी झाली. हायवेवर ट्रकांची रांग लागली होती. तलासरीला पोचेपर्यंत दिवस कलला. माणसं सकाळपासून मशीनसमोर बसून होती. पूजेआधी खायचं नाही म्हणून कोणी काही खाल्लं नव्हतं. दरम्यान कायमचे मॅनेजर दोन येऊन गेले होते, त्यामुळे फोडणारं दुसरं कोणी नव्हतं.

चिमणने उठून, काही तक्रार न करता, नारळ त्याच्या हातात दिला. त्यामुळे सूर्यकांतला जास्तच ओशाळल्यासारखं झालं. यातून सुटायचा एक सरळ मार्ग त्याला दिसला.

"चिमण, यापुढे तूच फोड," तो म्हणाला. "तू तर कायम इथेच असतोस."

चिमणने हात मागे घेतले.

"मला सोमवारपासून ब्रेक आहे, साहेब. अकरा महिने झाले. परत घेतील तर घेतील. मी शब्द कसा देऊ?" मागे बसलेल्यांकडे बघून तो म्हणाला, "यांचं सगळ्यांचं पण तसंच आहे."

ही पद्धत सूर्यकांतनेच इथे लावली होती. पहिल्याच कामात घडी बसवली ती हीच. अकरा महिने काम, मग घरी बसायचं, मग नवा कागद, म्हणजे कोणी कायम होत नाही. त्याआधी चिमणची हजेरी वर्षानुवर्षं सलग लागत होती. मालक खूश झाले होते ते याच्यावरच, आणि पुढची दोन्ही कामं सूर्यकांतला त्यांच्याच शिफारशीवर मिळाली होती.

त्याला लाज वाटली.

"मी मालकांशी बोलतो," तो म्हणाला.

"बोला ना," चिमण म्हणाला. "पण आधी नारळ फोडा, साहेब. माणसांना लांब जायचं आहे."

सूर्यकांतने नारळ फोडला. खोबरं सगळ्यांना वाटलं गेलं, त्यालाही मिळालं. पुढच्या दसऱ्याला याल का, हे या वेळी त्याला कोणी विचारलं नाही.